अर्धी थाप: पोकरमधल्या ड्रॉवर आक्रमक बेट कधी लावावी, याच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल विसर्जन झाले आणि आज बऱ्याच दिवसांनी मोकळा रविवार मिळाला, म्हणून गेले वर्षभर डोक्यात घोळत असलेले काम हाती घेतले आहे. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि टेबलावर, म्हणजे बोर्डावर, सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), शेवटी पाचवा (रिव्हर). फ्लॉप उघडल्यावर हात अजून पूर्ण झालेला नसतो, पण पुढच्या एक-दोन पत्त्यांत तो पूर्ण होण्याची शक्यता असते. अशा हाताला ड्रॉ म्हणतात. त्यावर गप्प बसून पुढचा पत्ता पाहावा, की हात लागलाच आहे अशा थाटात बेट (चिपची पैज) लावावी, हा प्रश्न मला प्रोग्रॅम लिहून सोडवायचा आहे. या दुसऱ्या चालीला पोकरवरच्या पुस्तकांचे लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 'सेमी-ब्लफ' हे नाव रूढ केले. मी या नोंदींत तिला 'अर्धी थाप' म्हणणार आहे, कारण समोरच्याने ती पकडली तरी ती खरी ठरण्याची वाट शिल्लक असते. पूर्ण थाप पकडली गेली की सगळे संपते.

प्रकल्पाच्या मर्यादा आधीच लिहून ठेवतो. सारा हिशेब चिपमध्ये आहे, रुपयांत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला गेल्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ सालापासून आहे. मांडवीवरच्या तरंगत्या कॅसिनोंत जाण्याचा माझा बेत नाही. शनिवारी संध्याकाळी चार-पाच मित्र प्लॅस्टिकच्या चिपवर खेळतो, तीच माझी प्रयोगशाळा.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

पाच पत्त्यांच्या हाताची प्रतवारी ठरवणारा भाग लिहून झाला. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारांनी निवडता येतात. तेवढे सगळे हात मोजून प्रत्येक प्रकाराची संख्या ज्ञात आकड्यांशी ताडून पाहणे, ही खरे तर पहिली चाचणी असायला हवी होती. ती मी आळसाने पुढे ढकलली आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली.

चाचणीसाठी एक नमुना डाव ठरवला आहे आणि पुढच्या नोंदींतही तोच वापरीन. माझ्या हातात बदामची राणी आणि बदामचा गुलाम. समोरच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री. म्हणजे त्याला राजांची जोडी लागली आहे, आणि मला फ्लशसाठी, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांसाठी, आणखी एक बदाम हवा आहे. दोन्ही हात माहीत असल्यामुळे ४५ पत्ते उरतात आणि शेवटचे दोन पत्ते ९९० प्रकारांनी येऊ शकतात. प्रोग्रॅमने सांगितले की त्यांपैकी ३९० वेळा मी जिंकतो.

मित्राला हा आकडा मोठा वाटला. तो बँकेत असल्यामुळे कुठलीही बेरीज हाताने पडताळल्याशिवाय मान्य करत नाही. आम्ही कागद घेऊन बसलो. उरलेल्या नऊ बदामांपैकी किमान एक येण्याचे प्रकार ३६०. बदाम न येताही मी जिंकतो असे प्रकार असे: दोन राण्या ३, दोन गुलाम ३, एक राणी व एक गुलाम ९, दश्शी आणि नव्वी येऊन स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) ९, एक्का आणि दश्शी येऊन स्ट्रेट ६. हे झाले ३०. एकूण ३९०, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, असे मी म्हणणार तेवढ्यात त्याने विचारले की बदामची दुर्री आणि तिच्याबरोबर आणखी एक राजा आला तर काय होईल? तर त्याला तीन राजे आणि दोन दुर्र्या मिळतात, म्हणजे फुल हाउस, आणि माझा फ्लश हरतो. असे आठ प्रकार निघाले: बदामच्या एक्क्याबरोबर राजा किंवा दुसरा एक्का आल्यास चार, आणि बदामच्या दुर्रीबरोबर राजा किंवा दुसरी दुर्री आल्यास चार. प्रतवारीच्या यादीत फ्लश आणि फुल हाउस यांच्या ओळी मी उलट्या क्रमाने लिहिल्या होत्या. ओळी बदलल्यावर उत्तर ३८२ आले, म्हणजे ३८.६ टक्के.

आज आणखी काही केले नाही. २५ लाख हातांची ती चाचणी मात्र रात्री चालवून ठेवली.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

हात पूर्ण करणाऱ्या पत्त्यांना 'आउट' म्हणतात, आणि खेळणारे बहुतेक जण आउटवरूनच बोलतात, म्हणून आउटचे कोष्टक तयार केले. आतला एकच पत्ता हवा असलेल्या स्ट्रेट ड्रॉला, म्हणजे गटशॉटला, ४ आउट असतात आणि फ्लॉपनंतरच्या दोन पत्त्यांत तो लागण्याची शक्यता १६.५ टक्के येते. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या स्ट्रेट ड्रॉचे ८ आउट आणि ३१.५ टक्के. फ्लश ड्रॉचे ९ आउट आणि ३५.० टक्के. फ्लश ड्रॉबरोबर गटशॉटही असेल तर १२ आउट आणि ४५.० टक्के. फ्लश ड्रॉबरोबर दोन्ही टोकांना उघडा स्ट्रेट ड्रॉ असेल तर १५ आउट आणि ५४.१ टक्के. आउटला चारने गुणा, हा टेबलावरचा ढोबळ नियम नऊ आउटपर्यंत चालतो (३६ विरुद्ध ३५), पण पंधरा आउटवर तो ६० सांगतो आणि तिथे सहा टक्क्यांनी फसवतो.

हे आकडे म्हणजे हात लागण्याची शक्यता आहे, जिंकण्याची नव्हे, हा फरक नमुना डावावरून स्पष्ट झाला. समोरच्याकडे एक्का-राजाऐवजी इस्पिक व चौकटच्या दोन सत्त्या असतील, म्हणजे त्याला तीन सत्त्या लागलेल्या असतील, तर माझ्या जिंकण्याचे प्रकार ३८२ वरून २६२ वर येतात, म्हणजे २६.५ टक्के. बदाम तेवढेच राहतात, पण बोर्डावर कुठलीही जोडी जमली की त्याचे फुल हाउस होते. फ्लश ड्रॉ म्हणजे पस्तीस टक्के, असे ज्याने पाठ केले आहे त्याला हा फरक टेबलावर दिसत नाही. मलाही आजपर्यंत दिसत नव्हता.

समोरच्याचा हात माहीत नसेल तर त्याचे १,०८१ हात आणि प्रत्येकाचे ९९० शेवट, असे १०,७०,१९० सामने मोजावे लागतात. तसे केल्यास प्रोग्रॅम रेंगाळतो, पण त्याची घाई मला नाही.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

बेटचा पहिला हिशेब मांडला. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या सामाईक ढिगात, १०० चिप आहेत, दोघांकडे प्रत्येकी २०० उरल्या आहेत आणि मी सगळ्या लावतो, म्हणजे ऑल-इन जातो. समोरचा फोल्ड झाला, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडला, तर १०० माझ्या. तो कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप घालून, आत आला तर एकूण ५०० चिपच्या पॉटमधला माझा वाटा, वजा मी घातलेल्या २००. फ्लश ड्रॉचा वाटा सुमारे १७५, म्हणजे कॉल आल्यास सरासरी २५ चिपचे नुकसान. त्यामुळे तो दर पाच वेळांत एकदा जरी फोल्ड झाला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. उघड्या स्ट्रेट ड्रॉला ३० टक्के फोल्ड लागतात, गटशॉटला ५४ टक्के, आणि काहीच नसलेल्या हाताला ६७ टक्के. हे पाहून मी खूष झालो आणि मित्राला लगेच कळवले की फ्लश ड्रॉवर नेहमीच ऑल-इन जावे, कारण पाचातून एकदा फोल्ड कोण होत नाही?

त्याचे उत्तर दोन तासांनी आले, आणि ते एका ओळीचे होते: तुझी तुलना कशाशी आहे?

माझी तुलना शून्याशी होती. पण ऑल-इन न जाता मी चेक केले, म्हणजे काहीच न लावता पाळी पुढे दिली, आणि त्यानेही चेक करत दोन्ही पत्ते फुकट येऊ दिले, तर १०० च्या पॉटमध्ये माझे ३५ चिप आधीच आहेत. आक्रमक चालीने त्या ३५ हून अधिक मिळवून दिले तरच ती चाल चांगली. अशी तुलना केल्यावर फ्लश ड्रॉला लागणारे फोल्ड २० वरून एकदम ४८ टक्क्यांवर गेले. उघड्या स्ट्रेट ड्रॉचे ३० वरून ५२ झाले आणि गटशॉटचे ५४ वरून ६२. बारा आउटला २७ टक्के पुरतात. पंधरा आउटला मात्र एकही फोल्ड लागत नाही, कारण कॉल झाला तरी सरासरी ७० चिप मिळतात आणि चेक केल्यास ५४.

दोन्ही पत्ते फुकट मिळतील हेही स्वप्नरंजनच आहे, हे मान्य करतो. मी चेक केल्यावर त्याने ६० ची बेट लावली तर २२० च्या पॉटसाठी मला ६० घालावे लागतील, म्हणजे २७.३ टक्के हिस्सा हवा. पुढच्या एका पत्त्यात बदाम येण्याची शक्यता १९.१ टक्केच आहे. तेव्हा खरी तुलना शून्य आणि ३५ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. मागून बोलणाऱ्याला, म्हणजे ज्याची पाळी नंतर येते त्याला, ती ३५ च्या जवळ पडते, कारण समोरच्याने चेक केल्यावर फुकट पत्ता घेणे त्याच्या हातात असते. आधी बोलणाऱ्याला ती शून्याकडे सरकते. जागेचे महत्त्व सगळे सांगतात, पण ते नेमके कोणत्या वजाबाकीत शिरते हे मला आज कळले.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

ऑल-इन सोडून साध्या बेटकडे वळलो. पॉट १००, दोघांकडे प्रत्येकी ३००, माझी बेट ६०. समोरच्याला तीन पर्याय आहेत: फोल्ड, कॉल, किंवा उलट सगळ्या चिप लावून रेज. सुरुवातीला त्याचे वाटप ४५, ४० आणि १५ टक्के धरले. कॉल झाल्यास पुढे दोघेही चेक करतात असे सोपे गृहीत घेतले.

रेजची फांदी जोडताच सारे चित्र बदलले. त्याने ३०० लावले तर मला आणखी २४० घालून ७०० च्या पॉटसाठी लढावे लागते, म्हणजे ३४.३ टक्के हिस्सा हवा. त्याहून कमी हिस्सा असेल तर फोल्ड व्हावे लागते, आणि तसे झाल्यास ६० चिप तर जातातच, शिवाय ड्रॉमध्ये जो हिस्सा होता तोही टाकून द्यावा लागतो. आक्रमकतेची खरी किंमत ही आहे. चेक केले असते तर जो पत्ता फुकट दिसला असता, तो पाहण्याचा हक्कच मी बेट लावून त्याच्या हाती देतो.

चेक करण्याच्या तुलनेत बेट किती जास्त देते, याचा आलेख काढला. रिकाम्या हाताला १२ चिपचा फायदा. गटशॉटला १०. उघड्या स्ट्रेट ड्रॉला सव्वाआठ. फ्लश ड्रॉला साडेआठ. बारा आउटला एकदम १८ आणि पंधरा आउटला २६. म्हणजे रेघ आधी हळूहळू उतरते, ३४.३ टक्क्यांवर तिला कोपरा फुटतो आणि तिथून ती घाटासारखी चढते. ड्रॉ जितका चांगला तितकी आक्रमकता फायद्याची, अशी सरळ चढती रेघ मी गृहीत धरली होती. प्रत्यक्षात मधले हात खड्ड्यात बसले आहेत: रेज आल्यावर टाकून द्यावेत तर गमावण्यासारखे पुष्कळ, आणि टाकू नयेत तर लढण्यापुरते बळ नाही.

नमुना डाव या कोपऱ्यावर अगदी नेमका येतो. रेज करणाऱ्याकडे एक्का-राजा असेल तर माझा हिस्सा ३८.६, म्हणजे कॉल. तीन सत्त्या असतील तर २६.५, म्हणजे फोल्ड. आणि मला दिसतो तो फक्त त्याने पुढे सरकवलेला चिपचा ढीग.

कोपऱ्याची जागा चिपच्या उंचीवर ठरते. दोघांकडे २०० च असतील तर उंबरठा २८ टक्क्यांवर येतो आणि फ्लश ड्रॉच काय, उघडा स्ट्रेट ड्रॉसुद्धा चढाच्या बाजूला जातो. ५०० असतील तर उंबरठा ४० टक्के. १,००० असतील तर ४४.८, आणि मग बारा आउटचा हातही जेमतेम काठावर उभा राहतो. एकच हात, एकच फ्लॉप, पण समोर ठेवलेल्या चिप वाढल्या की तो चांगल्या हातातून अडचणीचा होतो. हे कोष्टक प्रोग्रॅमच्या पहिल्याच पडद्यावर ठेवायचे ठरवले.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

गेल्या नोंदीतल्या एका आकड्याने आठवडाभर छळले. रिकाम्या हाताला १२ चिप आणि फ्लश ड्रॉला साडेआठ, हे खरे असेल तर ड्रॉची गरजच काय? काहीही नसताना बेट लावत सुटावे. हिशेबात चूक नाही, हे तीनदा तपासले. रिकाम्या हाताला चेक करून काहीच मिळत नसल्यामुळे बेटचे सारे उत्पन्न त्याचा फायदा ठरते.

घोळ ४५ टक्क्यांत आहे. तो आकडा मी समोरच्याच्या स्वभावासारखा कायमचा धरला होता, पण मी प्रत्येक रिकाम्या हातावर बेट लावू लागलो तर तो चार डावांत शहाणा होईल आणि फोल्ड कमी करील. म्हणून फोल्ड ३५, कॉल ५० आणि रेज १५ धरून सारे पुन्हा काढले. रिकामा हात ४ चिपच्या तोट्यात गेला. गटशॉट सव्वादोनहून थोड्या अधिक तोट्यात. उघडा स्ट्रेट ड्रॉ एका चिपहून कमी तोट्यात. फ्लश ड्रॉ जवळजवळ शून्यावर. बारा आउटचे १८ वरून पावणेबारा झाले, आणि पंधरा आउटचे २६ वरून २२.

फोल्डच्या अंदाजात दहा टक्क्यांची चूक झाल्यावर रिकामा हात १६ चिपनी घसरतो आणि पंधरा आउटचा हात चारच. म्हणजे हात जितका दुबळा तितकी आक्रमकता समोरच्याला ओळखण्यावर टांगलेली, आणि हात जितका बळकट तितकी ती स्वतःच्या पायांवर उभी. या प्रकल्पातून मला जे सांगायचे आहे ते बहुधा एवढेच आहे. पण ते आउटच्या कोष्टकात कुठेच लिहिलेले नसते.

थापांचे प्रमाण असे आपोआप आवरले जाते, हा विचार जुना आहे. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी पोकरचे साधे गणिती रूप मांडून दाखवले होते की उत्तम खेळात थापेला ठरावीक जागा असते, तिची अजिबात गरज नाही असे होत नाही. २०१५ साली अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रॅमने दोघांच्या मर्यादित बेटच्या होल्डेमचे व्यवहारतः पूर्ण उत्तर काढले. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटसने मर्यादा नसलेल्या खेळात चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. हे प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून दोन्ही बाजूंचे वागणे एकमेकांना जुळवून घेतात. माझा प्रोग्रॅम समोरच्याचे वागणे माझ्याकडून मागून घेतो, आणि तो तसाच राहणार आहे.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज

आत्याकडे तीन पत्ती रंगली. एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली: तीन पत्तीत अर्धी थाप असूच शकत नाही. तीन पत्ते वाटले की हात पूर्ण झाला, पुढे काही यायचे नसते, त्यामुळे थाप मारायची तर ती पूर्णच. आमच्या मोठ्या आतेभावाला मी हे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच आम्ही पत्ते न बघता ब्लाइंड खेळतो," आणि त्याने तो डाव जिंकला. याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

सहा जण बसले असल्यामुळे एक छोटा हिशेब मात्र डोक्यात झाला. प्रत्येक जण स्वतंत्रपणे ६० टक्के वेळा फोल्ड होतो असे धरले, तर समोर दोघे असताना दोघेही उठण्याची शक्यता ३६ टक्के आणि तिघे असताना २१.६. फोल्डवर टांगलेले हात दोनहून अधिक माणसांसमोर आपोआप बाद होतात.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

टर्नचा भाग पूर्ण केला. फ्लॉपनंतर दोन पत्ते यायचे असतात, टर्ननंतर एकच, आणि ड्रॉचा हिस्सा जवळजवळ अर्धा होतो. फ्लॉपवर ६० ची बेट कॉल होऊन टर्नला पॉट २२० आणि हाती २४० उरल्या आहेत असे धरले. आता ऑल-इन जायचे तर फ्लश ड्रॉला ४५ टक्के फोल्ड लागतात. पंधरा आउटचा जो हात फ्लॉपवर ५४.१ टक्के होता आणि ज्याला एकही फोल्ड लागत नव्हता, तो टर्नवर ३२.६ टक्के होतो आणि त्याला ३६ टक्के फोल्ड हवे असतात. चढावरचे हात फ्लॉपवरच जोरात खेळावेत, हे यातून निघते. टर्नपर्यंत थांबून मग शौर्य दाखवणे म्हणजे सवलत संपल्यावर दुकानात जाणे.

टर्नचा भाग तपासण्यासाठी २००३ सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतला प्रसिद्ध डाव घातला. त्या वर्षी ८३९ स्पर्धक होते आणि शेवटी दोघे उरले: टेनेसी राज्यातला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि व्यावसायिक खेळाडू सॅम फरहा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टर्नपर्यंत बोर्डावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की आणि इस्पिकची अठ्ठी. फरहाने ३ लाख चिपची बेट लावली, मनीमेकरने ती ८ लाखांवर नेली आणि फरहाने कॉल केला. रिव्हरवर बदामची तिर्री आली. मनीमेकरचे काहीच लागले नव्हते. तरी तो ऑल-इन गेला, आणि नव्व्यांची जोडी हातात असलेला फरहा विचार करून फोल्ड झाला.

हा डाव पोकरमधली सर्वांत मोठी थाप म्हणून सांगितला जातो, पण प्रोग्रॅममध्ये घातल्यावर तो दोन वेगळ्या डावांत फुटला. टर्नवर उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी मनीमेकरला जिंकवणारे पत्ते मोजा: आठही इस्पिक, कारण फरहाचाही फ्लश राणीवरच अडतो, इस्पिक नसलेल्या तीन दश्श्या आणि तीन पंज्या, स्ट्रेटसाठी, आणि तीन राजे, कारण राजांची जोडी नव्व्यांच्या जोडीला पुरून उरते. एकूण १७, म्हणजे ३८.६ टक्के. (नमुना डावातलाही आकडा ३८.६ च होता. निव्वळ योगायोग आहे, पण पडद्यावर तोच आकडा दिसल्यावर मी अर्धा तास चूक शोधत बसलो.) एकच पत्ता यायचा असताना सतरा आउट, ही थाप म्हणावी तर अगदी घट्ट पायावरची. पूर्ण थाप सुरू झाली ती रिव्हरवर, जिथे राजा एकटा पडला होता आणि यायचा पत्ता उरला नव्हता. तिथे आउटचा हिशेब संपतो आणि फक्त फोल्डचा राहतो: पॉटएवढी बेट लावली तर निम्मे फोल्ड हवेत, पॉटच्या निम्मी लावली तर एकतृतीयांश. लोकांच्या लक्षात रिव्हर राहिली आहे. माझ्या मते शिकण्यासारखी चाल टर्नवरची आहे.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सगळेच ड्रॉ सारखे धरणे ही या प्रोग्रॅमची मोठी उणीव होती. ती आज थोडी भरून काढली. माझ्याकडे बदामची छक्की-पंजी आणि समोरच्याकडे बदामचा एक्का-दश्शी असेल, तर माझ्या नऊ आउटपैकी दोन त्याच्या हातात असतात आणि उरलेल्या सातांपैकी एक आल्यावर माझा फ्लश लागतो आणि मी जास्त चिप हरतो. उलट बदामचा एक्का माझ्याकडे असेल तर दुहेरी लाभ होतो. फ्लश लागला तर तोच वरचा. आणि बोर्डावर एक राजा असताना समोरच्याकडे एक्का-राजा असण्याचे १२ प्रकार माझ्या एक्क्यामुळे ९ वर येतात, दोन एक्क्यांचे ६ वरून ३ वर. कॉल करणारे हातच कमी होत असल्यामुळे फोल्ड आपोआप वाढतात. म्हणून आता प्रोग्रॅम आउटची संख्या विचारत नाही, पत्तेच विचारतो.

लागलेल्या हातावर पुढे मिळणाऱ्या चिपचाही अंदाज जोडून पाहिला. फ्लश ड्रॉच्या बेटला त्यातून साधारण दोन चिपचीच भर पडते, कारण फोल्ड झालेला माणूस पुढे काही देत नाही. त्यासाठी इतकी गुंतागुंत सांभाळणे पटले नाही, तो भाग काढून टाकला.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

शनिवारच्या खेळातल्या माझ्या नोंदवहीचा हिशेब केला. गेल्या अडीच महिन्यांत मी एकट्या प्रतिस्पर्ध्यासमोर फ्लॉपवर बेट लावल्याचे ४१ प्रसंग लिहिले आहेत आणि त्यांत १४ वेळा समोरचा फोल्ड झाला. म्हणजे ३४ टक्के. पण एवढ्या थोड्या प्रसंगांवरून खरे प्रमाण २० ते ४९ टक्क्यांमध्ये कुठेतरी आहे, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. मी ऑक्टोबरभर ज्या ३५ आणि ४५ वर वाद घातला, ते दोन्ही त्या पट्ट्यात मावतात. शिवाय हे सगळे मित्र आहेत आणि कोण कधी प्रयोग करतो आहे हे त्यांना माहीत आहे.

म्हणून प्रोग्रॅमचे उत्तर बदलले. रेज १५ टक्के कायम ठेवून, फोल्ड २० ते ४९ मध्ये फिरवून, तो आता फायद्याचा एकच आकडा न देता पट्टा देतो. ३०० चिपच्या डावात पंधरा आउटचा पट्टा १६ ते २८ येतो. बारा आउटचा अडीच ते वीस. फ्लश ड्रॉचा उणे १२ ते अधिक १२. गटशॉटचा उणे २१ ते अधिक १५. रिकाम्या हाताचा उणे २८ ते अधिक १८. पट्टा पूर्णपणे शून्याच्या वर असेल तेव्हाच प्रोग्रॅम बेट सुचवतो, आणि शून्य मध्ये सापडले तर पडद्यावर फक्त फोल्डचे ते प्रमाण दाखवतो जिथे दोन्ही चाली सारख्या होतात. साध्या फ्लश ड्रॉला ते ३४.७ टक्के आहे, आणि माझ्या वहीत आहे ३४.१. मित्राने ते दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि विचारले की मग कालच्या डावात तू बेट का लावलीस. मी त्याला ४२ वा प्रसंग वहीत लिहून दाखवला: बेट ६०, समोरच्याने कॉल केला, बदाम आला नाही.